हंगामी वस्ती आणि स्थानिक संस्थेचा परवाना

(सोलापूर येथील भवानी पेठेत नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आश्विन महिन्यात कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. सुमारे ४५ किलोमीटरची ही वाट लक्षावधी भाविक पायी चालून जातात. भवानी पेठेतील रहिवाशांना हे दृश्य नवीन नाही. रस्त्याच्या कडेला मांडव उभे राहतात, चहा-फराळाची सोय होते, थकलेभागले यात्रेकरू घटकाभर पाठ टेकतात आणि पौर्णिमा सरली की मांडव निघून जातात. मागे चुलीची राख, पत्रावळी आणि सांडपाण्याची डबकी तेवढी राहतात. या चार दिवसांत पिण्याचे पाणी कोणी पुरविले, मैल्याची विल्हेवाट कोणी लावली, एखाद्या मांडवाला आग लागली असती तर ती विझविण्याची तजवीज काय होती, या प्रश्नांची उत्तरे देण्याची जबाबदारी अखेरीस स्थानिक संस्थेवरच येते. मग ती महानगरपालिका असो, नगरपरिषद असो वा ग्रामपंचायत असो.

माणसे बारमाही राहतात त्या वस्तीसाठी नियमांची कमतरता नाही. बांधकामाचा नकाशा, नळजोड, घरपट्टी, मतदारयादी या सर्वांत त्या वस्तीची नोंद असते. परंतु जी वस्ती हंगामापुरती उभी राहते व हंगामाबरोबर उठून जाते, तिच्यासाठी नियम कोणते असावेत, हा प्रश्न आजवर यात्रेपुरताच मर्यादित होता. कॅराव्हॅन पर्यटन महाराष्ट्रात आल्यापासून त्याला नवे स्वरूप प्राप्त झाले आहे.

जुनी परंपरा

हंगामी निवासावर नियंत्रण ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. १८६७ साली हिंदुस्थानात सराई कायदा करण्यात आला. प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीची नोंद करणे, ती स्वच्छ व दुरुस्त ठेवणे, पहारेकऱ्याची व्यवस्था करणे, आकाराचे दर लावून ठेवणे आणि संसर्गजन्य रोगाचा रुग्ण आढळल्यास वर्दी देणे ही सराईचालकाची कर्तव्ये त्या कायद्याने ठरवून दिली होती. मूळ हेतू योग्यच होता. तथापि, कायद्यातील सराई ही मुख्यतः इमारत होती.  चाकांवरच्या घरासंबंधी आज जी अडचण जाणवते, तिचे बीज या जुन्या व्याख्येतच दिसते.

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे तर हंगामी वस्तीचे सर्वात मोठे उदाहरण होय. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांच्या काळात गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते व काही दिवसांत पुन्हा ओसरते. एकेकाळी पटकीची साथ वारीच्या पाठोपाठ चाले. यात्रेकरूंची गर्दी, नदीचे पाणी आणि मैला यांचा परस्परसंबंध लक्षात आल्यानंतर पाण्याचे निर्जंतुकीकरण, लस टोचणे, यात्रेकरूंवरील कर अशा उपायांचा अवलंब होऊ लागला. कराच्या रूपाने येणारा पैसा येणाऱ्या माणसाच्या आरोग्यासाठी खर्च व्हावा, हे तत्त्व त्यामागे होते.

अलीकडच्या काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू व राहुट्या उभारण्यावर निर्बंध आले आणि नदीपलीकडील ६५ एकर जागेवर दिंड्यांच्या मुक्कामाची सोय करण्यात आली. तेथे दिंड्यांना नोंदणी करून जागा दिल्या जातात आणि पाणी, वीज व शौचालये पुरविली जातात. प्रथम जागा निश्चित करावी, त्या जागेवर सोयी पुरवाव्यात, कोण उतरले याची नोंद ठेवावी आणि मुक्काम संपताच जागा मोकळी करून घ्यावी, हा क्रम येथे आपसूकच पाळला गेला आहे. हंगामी वास्तव्याचे नियमन जगात जेथे जेथे यशस्वी झाले, तेथे थोड्याफार फरकाने हाच क्रम आढळतो.

चाकांवरचे घर

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय यांनी युक्त असे वाहन म्हणजे कॅराव्हॅन. अशी वाहने मुक्कामाला थांबतील तो पाणी, वीज व स्वच्छतेच्या सोयींनी युक्त तळ म्हणजे कॅराव्हॅन पार्क. ज्या निसर्गरम्य ठिकाणी हॉटेल वा विश्रामगृह नाही, किंवा जेथे कायमस्वरूपी बांधकामास परवानगी देता येत नाही, अशा ठिकाणी पर्यटकाला राहता यावे, हा या धोरणाचा एक प्रमुख उद्देश आहे. खाजगी जमिनीवरही असे तळ उभारता येतात व पर्यटन संचालनालयाकडे त्यांची नोंदणी करावयाची असते.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने ही संधी मोलाची आहे. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर आणि अक्कलकोट ही तीर्थक्षेत्रे आहेत, तुळजापूर हाकेच्या अंतरावर आहे. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. नान्नज परिसरात १९७९ साली स्थापन झालेले माळढोक अभयारण्य आहे. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा तळासाठी राखला, तर हॉटेल बांधण्याइतके भांडवल न गुंतविता त्याला जोडउत्पन्न मिळू शकेल.

मात्र पर्यटन संचालनालयाची नोंदणी हा या व्यवस्थेचा एक भाग झाला. तळावर येणाऱ्या माणसांचा रोजचा संबंध स्थानिक संस्थेशीच येतो. विहीर गावाची, ओढा गावाचा, कचऱ्याची गाडी गावाची आणि आग लागली तर धावून जाणारी माणसेही गावचीच. म्हणून तळाचा परवाना कोणत्या अटींवर द्यावा, याचा विचार स्थानिक संस्थांनी अगोदरच करून ठेवणे इष्ट ठरेल. तळ उभा राहिल्यावर नियम करावयाचे म्हटले, तर ते कोणाच्या तरी विरुद्ध केल्यासारखे होतात.

इंग्लंडचा अनुभव

कॅराव्हॅन तळांच्या नियमनाचा दीर्घ अनुभव इंग्लंडच्या गाठीशी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. सुटीसाठी वापरावयाच्या कॅराव्हॅनमध्ये अनेक कुटुंबे कायमची राहू लागली. समुद्रकिनारी व शहरांच्या सीमेवर कशाही रीतीने तळ वाढत गेले. या परिस्थितीची चौकशी होऊन १९५९ साली सर आर्टन विल्सन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९६० साली कॅराव्हॅन तळांसंबंधीचा कायदा करण्यात आला.

या कायद्याची रचना दोन कुलपांच्या दरवाजासारखी आहे. पहिले कुलूप जमिनीच्या वापराचे. ही जागा तळासाठी योग्य आहे काय, याचा निर्णय नियोजन परवानगीने होतो. दुसरे कुलूप तळ चालविण्याचे. नियोजन परवानगी मिळालेल्या जागेच्या धारकाला स्थानिक कौन्सिलकडून तळाचा परवाना घ्यावा लागतो. पहिली परवानगी नसेल, तर दुसरा परवाना देता येत नाही. मूळ कायद्यानुसार पहिली असेल, तर कौन्सिलला दुसरा परवाना मर्जीनुसार नाकारता येत नसे. अर्जदाराचा पूर्वीचा परवाना नजीकच्या काळात रद्द झालेला असेल, तरच तो अपवाद. अर्ज व आवश्यक माहिती मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत परवाना देण्याचे बंधनही त्या कायद्याने घातले. जागेविषयीचा वाद आणि सोयींविषयीच्या अटी यांची गल्लत होऊ नये, यासाठी ही विभागणी होती.

कौन्सिलने कोणत्या अटी घालाव्यात, याचेही दिग्दर्शन कायद्यात आहे. वर्षातील कोणत्या काळात वाहने वास्तव्यासाठी उभी करता येतील, एकूण किती वाहने असावीत, ती कोठे व किती अंतरावर उभी करावीत, झाडे कोठे लावावीत, आगीविरुद्ध कोणते उपाय करावेत आणि पाणी व स्वच्छतेच्या कोणत्या सोयी असाव्यात, हे विषय त्यात येतात. इंग्लंडमध्ये २००८ साली निवासी तळांसाठी प्रसिद्ध झालेल्या नमुना मानकांत दोन कॅराव्हॅनमध्ये ६ मीटर अंतर, हद्दीपासून ३ मीटर अंतर आणि कोणतेही वाहन अग्निशमन साहित्याच्या ठिकाणापासून ३० मीटरपेक्षा दूर नसावे, अशा तरतुदी आहेत. हे आकडे अनुभवातून आले आहेत. पेट घेतलेल्या एका वाहनाची धग शेजारच्या वाहनापर्यंत पोहोचू नये, एवढाच त्यांचा अर्थ.

परवान्याची मर्यादा कोठे संपते, हाही प्रश्न लवकरच उपस्थित झाला. चर्टसी येथील कौन्सिलने एका तळाच्या परवान्यात भाड्याचे दर, रहिवाशांना हटविण्यावरील निर्बंध, रहिवाशांची संघटना करण्याचा हक्क अशा अटी घातल्या होत्या. हे प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. तळाच्या परवान्यातील अटी या तळाच्या वापराशी निगडित असल्या पाहिजेत, मालक व रहिवासी यांच्यातील करार त्या परवान्याद्वारे ठरविता येणार नाही, असा निर्णय १९६४ साली देण्यात आला. कौन्सिलचा हेतू रहिवाशांच्या हिताचा होता, पण साधन चुकीचे होते. पुढे १९६८ आणि १९८३ साली स्वतंत्र कायदे करून रहिवाशांना संरक्षण द्यावे लागले.

मुदतीच्या अटीचे दुसरे टोक

येथे या विषयाचा खरा गाभा आहे. १९६८ व १९८३ च्या कायद्यांनी जे संरक्षण दिले, ते सर्व तळांना मिळाले नाही. ज्या तळाची परवानगी वा परवाना केवळ सुटीतील वास्तव्यासाठी आहे, किंवा ज्या परवान्यात वर्षातील काही काळ वास्तव्यास मनाई केलेली आहे, असे तळ त्या संरक्षणातून वगळण्यात आले. म्हणजे परवान्यावरील एका ओळीने दोन गोष्टी एकाच वेळी ठरतात. तळावर कोणत्या महिन्यांत राहता येईल ही एक, आणि तेथे राहणाऱ्याला हटविण्यापासून कायद्याचे संरक्षण मिळेल की नाही ही दुसरी.

सुटीसाठी आलेल्या माणसाला यात काही अडचण नाही. त्याचे घर दुसरीकडे असते. पण आपले राहते घर विकून, आलेल्या पैशातून सुटीच्या तळावर कॅराव्हॅन घेणारी माणसेही तेथे आढळतात. त्यांत उतारवयाच्या लोकांची संख्या बरीच असते. तळ वर्षातील बहुतेक दिवस उघडा असतो, शेजार चांगला असतो, म्हणून हेच आपले घर अशी त्यांची समजूत होते. हिवाळ्यात तळ बंद होण्याचे आठवडे आले, किंवा कौन्सिलने अटींची अंमलबजावणी सुरू केली, म्हणजे आपण कायद्याच्या दृष्टीने पाहुणे आहोत, रहिवासी नव्हे, हे त्यांना उमगते. तोपर्यंत हाताशी दुसरे छप्पर राहिलेले नसते.

या अनुभवातून तेथील पद्धतीत एक सुधारणा झाली. केवळ महिने ठरवून तळ बंद ठेवण्याऐवजी वास्तव्याचा हेतू स्पष्ट लिहिण्याकडे कल वाढला. २००६ साली पर्यटनविषयक नियोजनासाठी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत अटींचा जो नमुना दिला होता, त्यात तीन गोष्टी होत्या. कॅराव्हॅनचा वापर सुटीसाठीच व्हावा. ती कोणाचेही एकमेव वा मुख्य घर असू नये. आणि चालकाने सर्व मालकांची व वास्तव्य करणाऱ्यांची नावे व त्यांच्या मूळ घरांचे पत्ते यांची अद्ययावत नोंदवही ठेवून ती मागणी होताच स्थानिक अधिकाऱ्यांना दाखवावी. एका साध्या नोंदवहीने जे काम होते, ते फाटकाला कुलूप घालून होत नाही.

हंगामी वास्तव्य, पण कोणाचे?

याच १९६० च्या कायद्याची दुसरी एक बाजू भारतीय वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. शेतीच्या हंगामी कामासाठी येणाऱ्या मजुरांना शेतमालकाने आपल्याच जमिनीवर कॅराव्हॅनमध्ये ठेवले, तर त्या तळाला परवाना लागत नाही, अशी सवलत त्या कायद्यात आहे. शेतमालकाची यातून सोय झाली. परंतु ज्या वास्तव्याची तपासणी सर्वाधिक आवश्यक, तेच परवान्याच्या कक्षेबाहेर राहिले.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड व इतर भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येथे येतात व कारखान्याच्या आवारात वा फडाच्या कडेला कोप्या उभारून हंगामभर राहतात. ही वस्ती कित्येक महिने टिकते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, जनावरे, चुली, उसाचे वाळलेले पाचट हे सर्व एकाच ठिकाणी असते. पर्यटकाच्या तळाला दोन वाहनांमधील अंतर मोजून परवाना द्यावयाचा आणि पाचटाच्या कोप्यांमधील अंतराकडे पाहावयाचे नाही, ही विसंगती कोणत्याही स्थानिक संस्थेला शोभणारी नाही.

सोलापूरला या प्रश्नाची आणखी एक आठवण आहे. ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमाती कायद्यांखाली अनेक भटक्या जमातींना तारेच्या कुंपणात वसविण्यात आले, त्यांतील एक मोठी वसाहत सोलापुरात होती. तेथील माणसाला हजेरी द्यावी लागे व बाहेर जाण्यासाठी परवानगी घ्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या. सेटलमेंट हे नाव मात्र शहरात अजून राहिले आहे. माणसाच्या वास्तव्याची नोंद त्याच्या रक्षणासाठी केली जाते की त्याला डांबण्यासाठी, या प्रश्नाचे महत्त्व सोलापूरकरांना वेगळे सांगावयास नको. तळाच्या नोंदवहीचा उपयोग रोगाची साथ, आग वा पूर यांच्या वेळी माणसांचा शोध घेण्यासाठी व्हावा. पालावर राहणाऱ्या कुटुंबाला हुसकून लावण्याचे निमित्त म्हणून तिचा वापर होता कामा नये.

आपल्याकडील कायद्यांची बैठक

वरील अनुभव जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. तथापि, दोन कुलपांची रचना आपल्या कायद्यांतही आहे. जमिनीच्या वापरातील बदलाचे नियंत्रण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ द्वारे होते. शहराच्या हद्दीत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. परवाना कोणत्या कामासाठी, किती मुदतीसाठी व कोणत्या अटींवर दिला हे त्यावर नमूद करावे आणि अटींचा भंग झाल्यास तो निलंबित वा रद्द करता यावा, अशी सर्वसाधारण तरतूद त्या अधिनियमात आहे. नगरपरिषदांसाठी १९६५ चा आणि ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा अधिनियम आहे. आगीच्या संदर्भात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. तात्पुरत्या मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानकही उपलब्ध आहे. नवा कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

सोलापूर महानगरपालिकेला हंगामी परवान्यांचा अनुभवही आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेनिमित्त होम मैदानावर गड्डा भरतो. तेथे दुकाने, खाद्यपदार्थांच्या गाड्या, मोठे पाळणे आणि त्यांच्यामागे मुक्काम करणारी खेळवाल्यांची कुटुंबे असतात. दुकानांच्या ओळींत अग्निशामक गाडी जाईल एवढी वाट ठेवणे, विजेच्या जोडण्या तपासणे, यात्रा उठल्यावर मैदान साफ करून घेणे, या गोष्टी येथील कर्मचाऱ्यांना परिचित आहेत. कॅराव्हॅन तळासाठी हेच ज्ञान थोडे पुढे न्यावयाचे आहे.

परवान्यात काय असावे?

पहिली बाब जागेची. उजनीच्या फुगवट्याचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन एका हंगामापुरती कसावयास देण्याची पद्धत आहे. पाणी परत येणार हे गृहीत धरूनच तो व्यवहार होतो. तळाच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेल्या महापुराने पावसाळा संपत आल्यावरही नदीकाठ सुरक्षित नसतो, हे दाखवून दिले. पूररेषेतील जागेस परवाना देऊ नये. माळढोकासारख्या पक्ष्यांच्या अधिवासाजवळ त्यांच्या विणीचा काळ टाळूनच तळाचा हंगाम ठरवावा. हंगामाची अट अशा रीतीने निसर्गाच्या कारणाशी जोडली, तर ती लोकांनाही पटते.

दुसरी बाब पाणी व मैल्याची. कॅराव्हॅनमधील शौचालयाची टाकी भरली की ती कोठेतरी रिकामी करावी लागते. तळावर त्यासाठी बंदिस्त टाकी नसेल, तर तो मैला ओढ्यात जाणार हे उघड आहे. म्हणून टाकीची क्षमता, ती उपसण्याची व्यवस्था आणि पाण्याच्या स्रोतापासूनचे अंतर यांचा उल्लेख परवान्यात असावा. तळ गावच्या विहिरीवर अवलंबून असेल, तर उन्हाळ्यात गावाचा पाणीपुरवठा प्रथम, ही अटही त्यात लिहावी.

तिसरी बाब आगीची. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वाहनाच्या तळाशी साचतो व ठिणगी पडताच भडका उडतो. बंद जागेत शेगडी पेटती ठेवल्यास विषारी वायूने झोपेतच माणसे दगावू शकतात. वाहनाच्या खालच्या भागात हवा खेळती राहील असे झरोके, सिलिंडर ठेवण्याची वेगळी जागा, वाहनांमधील अंतर, वाळूच्या बादल्या व अग्निशामक यंत्रे आणि अग्निशामक गाडी आत येईल एवढा रस्ता या गोष्टींत सवलत देऊ नये.

चौथी बाब नोंदवहीची. आलेल्या प्रत्येकाचे नाव, मूळ पत्ता, येण्याची व जाण्याची तारीख एवढे पुरे. एकच कुटुंब हंगामामागून हंगाम त्याच तळावर राहत असल्याचे नोंदवहीतून दिसले, तर तेथे सुटीचा तळ राहिला नसून वस्ती तयार झाली आहे, असे समजावे. अशा वेळी त्या कुटुंबाला प्रथम लेखी सूचना व पर्यायाची माहिती द्यावी. एका रात्रीत जागा खाली करून घेणे हा उपाय होऊ शकत नाही.

पाचवी बाब पारदर्शकतेची. परवान्याची प्रत, त्याची मुदत व मुख्य अटी तळाच्या दर्शनी भागी मराठीत लावाव्यात. हा तळ केवळ सुटीतील वास्तव्यासाठी आहे, येथे कायम राहण्याचा हक्क निर्माण होत नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत असावे. ज्याला पैसे भरावयाचे आहेत, त्याने ते भरण्यापूर्वी हे वाचलेले असावे.

शेवटची बाब निर्णयाच्या कालावधीची. अर्ज महिनोन् महिने पडून राहिला की परवान्यावाचून काम सुरू करण्याचा मोह होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे. तळाच्या परवान्यालाही अशीच निश्चित मुदत असावी. नकार द्यावयाचा असल्यास कारण लेखी द्यावे व अपील कोठे करावयाचे तेही कळवावे. शुल्क तपासणीच्या खर्चाशी प्रमाणशीर असावे. परवाना हे उत्पन्नाचे साधन झाले की तपासणी मागे पडते, असा सर्वत्र अनुभव आहे.

नागरिकांचा वाटा

नियम कितीही काळजीपूर्वक केले, तरी त्यांची अंमलबजावणी मोजक्या निरीक्षकांच्या बळावर होत नाही. ग्रामसभेने तळाच्या अर्जावर चर्चा करावी, जागा योग्य की अयोग्य ते सांगावे आणि वर्षातून एकदा तळाच्या अटींचा आढावा घ्यावा. शहरातील नागरिकांनी यात्रेच्या काळात आपल्या पेठेत उभ्या राहणाऱ्या मांडवांबाबत हीच दक्षता घ्यावी. मांडव कोठे असावा, पाणी कोठून येणार, कचरा कोण उचलणार, एवढे तीन प्रश्न अगोदर विचारले, तरी बरेच काम होईल.

सोलापूरची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि १ मे १९६४ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. एवढ्या दीर्घ वाटचालीत या शहराने तेलंगणातून आलेल्या विणकरांना, गिरण्यांतील कामगारांना आणि असंख्य यात्रेकरूंना सामावून घेतले आहे. त्यांतील कोणी चार दिवसांसाठी आले, कोणी हंगामासाठी आले आणि कोणी कायमचे राहिले. हा माणूस किती दिवसांसाठी आला आहे, असे विचारण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आहे. त्या दिवसांत त्याला शुद्ध पाणी, स्वच्छ जागा व आगीपासून संरक्षण देण्याचे कर्तव्यही तिचेच आहे. पर्यटकाच्या कॅराव्हॅनसाठी ही तयारी होत असताना फडाच्या कडेची कोपी आणि माळावरचे पाल हेही त्याच मापाने मोजले जावेत. तसे झाले, तर कॅराव्हॅनच्या निमित्ताने केलेले नियम या जिल्ह्यातील प्रत्येक हंगामी वस्तीच्या उपयोगी पडतील.